पाण्यावर थंड होणारं मशीन

"होल," विलास म्हणाला.

स्क्रीनवर काही झालं नाही.

"होल," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा मोठ्याने.

त्याला स्क्रीनवरच्या साच्यात भोक पाडायचं होतं. मशीनने 'होल्ड' ऐकलं आणि चालू काम थांबवून ठेवलं. विलासने डोळे मिटले, श्वास सोडला आणि माझ्याकडे पाहिलं. टेबलाखालचा डबा मिक्सरमध्ये सुकं खोबरं वाटायला घ्यावं तसा घरघरत होता.

"ऐकलंत ना, मॅडम? दिवसभर हे असंच. मी मशीनशी बोलतो आणि मशीन स्वतःच्या पंख्याचं ऐकतं."

मी डब्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. पत्रा चांगलाच तापला होता.

माझं बोईसरला कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्रीपेक्षा दुरुस्ती जास्त. माहेर मिरजेचं. लग्न होऊन इथे आले ती नवऱ्याच्या प्लांटमधल्या नोकरीमुळे. मग एमआयडीसीतल्या एका कंपनीत काही वर्षं आयटी सांभाळलं आणि शेवटी स्वतःचं दुकान टाकलं. गिऱ्हाईकं बहुतेक कारखान्यांची ऑफिसं, शाळा आणि गेम खेळणारी कॉलेजची मुलं. विलास घरत यांच्यापैकी कशातच बसत नव्हता.

विलास उमरोळीचा. वय पस्तिशीच्या आसपास. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे, म्हणजे मोल्ड, डिझाइन करायचा. कामात नाव होतं. एका संध्याकाळी घरी येताना बाइक घसरली आणि मानेला मार बसला. तेव्हापासून खांद्याखाली जवळजवळ काहीच हलत नाही. मान हलते, आवाज शाबूत आहे आणि डोकं पहिल्यासारखंच चालतं. समोरचा छोटा कॅमेरा त्याच्या मानेच्या हालचालीवर माऊस हलवतो. बाकी सगळं तो बोलून करतो. इंटरनेटचा इथे भरवसा नाही, म्हणून बोलणं ओळखणारं सॉफ्टवेअरही त्याच मशीनवर बसवलेलं होतं.

घरात तो आणि त्याची आई, मंजुळाकाकी. दोघंच.

त्याने मला बोलावलं त्याला कारण होतं. त्याच्या जुन्या कंपनीतले सुर्वे सर आता दुसऱ्या एका मोल्डच्या कारखान्यात डिझाइनचे प्रमुख झाले होते. घरून काम द्यायची त्यांची तयारी होती, पण त्यांच्या मालकांची खात्री पटत नव्हती. तेव्हा असं ठरलं, की सुर्वेंनी घरी यायचं, एक मोल्ड समोर ठेवायचा आणि विलासने त्यांच्यासमोर तो तपासून दाखवायचा. जमलं तर काम कायमचं. नाही जमलं तर सुर्वेही पुन्हा शब्द टाकू शकणार नव्हते.

"डिझाइन मी करीन," विलास म्हणाला. "त्याची काळजी नाही. हे मध्येच बंद पडतं, त्याची काळजी आहे."

मोल्ड तपासायचा म्हणजे काय, ते मलाही त्यानेच समजावलं. वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं पसरेल, कुठे अडेल, कुठे हवा कोंडेल, हे आधी कॉम्प्युटरवर चालवून बघतात. हा हिशोब प्रोसेसर करतो आणि तो करताना एकसारखा पूर्ण ताकदीने चालतो. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, आकाराने बिस्किटाएवढा. पण राबला की असा तापतो की थंड करणारं काही वर बसवलं नाही तर तो आधी आपला वेग कमी करतो आणि तरी भागलं नाही तर मशीनच बंद करून टाकतो. स्वतःला वाचवायला. विलासचं मशीन नेमकं हेच करत होतं.

"मोठं कॅबिनेट घेऊ," मी म्हटलं. कॅबिनेट म्हणजे ज्या डब्यात हे सगळं बसवतात तो डबा. "मोठ्या डब्यात हवा खेळते. मोठे पंखे सावकाश फिरतात, आवाज कमी."

विलास हसला. "आईला विचारा."

मंजुळाकाकी दारातच उभ्या होत्या. बारीक अंगाच्या, साठी उलटलेल्या.

"मोठा नको, बाय," त्या म्हणाल्या. "सकाळी याला भायेर पडवीत बसवते. दुपारी ऊन येतं, मंग आत आनते. ह्या टेबलाला चाकं हायेत, पन उंबऱ्यावरून कशी जातील? तवा पेटी मीच उचलते. मोठी पेटी कोन उचलल?"

ते टेबल मी नीट पाहिलं. हॉस्पिटलात पेशंटच्या पुढ्यात सरकवतात तसलं. वर स्क्रीन, कॅमेरा आणि माइक. खाली गावातल्या वेल्डरकडून एक फळी बसवून घेतलेली. फळी आणि टेबल यांच्यामधली जागा वीतभराहून थोडी जास्त. डबा तिथे आडवाच बसणार.

मी टेप काढली आणि मापं घेतली.

छोट्या डब्यातल्या गरम प्रोसेसरला कूलर निवडणं ही आमच्या धंद्यातली एक डोकेदुखीच आहे. साधा कूलर म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा. प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात चढते आणि पंखा ती उडवून लावतो. ठोकळा उंच असला तर काम उत्तम होतं, पण छोट्या डब्याचं झाकण लागत नाही. बुटका घेतला तर झाकण लागतं, पण पंख्याला जीव तोडून फिरावं लागतं. विलासच्या मशीनमध्ये असा बुटकाच होता. घरघर त्याचीच.

दुसरा प्रकार पाण्याचा. प्रोसेसरवर एक चपटी डबी बसते, तिच्यात तांब्याची पट्टी आणि छोटा पंप. डबीतून दोन रबरी नळ्या निघतात त्या रेडिएटरला जातात. रेडिएटर म्हणजे गाडीच्या पुढच्या जाळीत असतो तसलाच, फक्त लहान. पंप द्रव फिरवत राहतो. प्रोसेसरपाशी तो गरम होतो, रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतो आणि परत येतो. सगळं कारखान्यातूनच सीलबंद येतं. फायदा असा, की ठोकळा प्रोसेसरच्या डोक्यावर असायची गरज उरत नाही. उष्णता नळीतून दुसरीकडे नेता येते, जिथे जागा असेल तिथे.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात. पाण्याचा कूलर म्हणजे फ्रिज नव्हे. खोलीत जेवढी हवा गरम, त्याच्या खाली तो प्रोसेसरला नेऊ शकत नाही. नवरात्र नुकतंच सरलं होतं. विलासच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे होते आणि दुपारी त्या खोलीत माणूसही तापत होता.

मुंबईच्या होलसेलरला फोन केला.

"मॅडम, सीधा तीनसौ साठवाला ले लो," तो म्हणाला. हे रेडिएटरचं माप. आकडा मोठा तितका रेडिएटर लांब. "आजकल सब वोही लेते हैं."

"कॅबिनेट छोटा है."

"तो कॅबिनेट बडा लो."

"उसको एक बूढी माँ उठाएगी."

तो म्हणाला, "तो फिर एकसौ बीस लगा दो. सबसे छोटा. कहीं भी बैठ जाएगा."

बसला असता, पण एकच पंखा, आणि रेडिएटर लहान म्हणून तो पंखाही जोरातच फिरणार. म्हणजे पैसे घालून पुन्हा तीच घरघर. मी दोन्ही बाजूला ठेवले आणि मधला घेतला, दोनशे चाळीसचा, दोन पंख्यांचा. तो मावेल असं एक छोटं कॅबिनेट शोधलं. त्याला बाजूच्या जाळीला लागून रेडिएटर बसवायची पट्टी होती. आधी कागदावर सगळं आखून पाहिलं. रेडिएटरची जाडी आणि पंख्याची जाडी मिळून किती होते. समोरची रॅम किती उंच आहे. नळ्या वळताना मोडणार तर नाहीत ना. ग्राफिक्स कार्ड विलासला साधंच पुरत होतं, म्हणून तिथे थोडी जागा सुटली. वर शिंगांसारखे पत्रे असलेली उंच रॅम काढून बुटकी घातली. पंखे बाहेरची हवा आत ओढतील असे लावले, कारण प्रोसेसरच्या आजूबाजूचे जे भाग त्याला वीज पुरवतात तेही तापतात आणि पाण्याच्या कूलरची डबी त्यांना वारा घालत नाही. तो वारा रेडिएटरच्या पंख्यांनीच दिला पाहिजे.

दुकानात मशीन टेबलावर उभं ठेवून दुपारभर पूर्ण ताकदीने चालवलं. तापमान चढलं, एका जागी थांबलं आणि तिथेच राहिलं. आवाज इतका कमी, की समोरच्या रस्त्यावरच्या रिक्षा बंद झाल्या तरच ऐकू यावा. मी खुशीत मशीन उमरोळीला पोचवलं.

कनेक्शन जोडून झाल्यावर मंजुळाकाकींनी विचारलं, "विलास म्हंतो यात पानी हाय. खरं?"

"हो. पण ते सीलबंद असतं, काकी. बाहेर येत नाही."

"मंग करंटचं काय?"

"काही होत नाही हो."

त्यांनी मान हलवली. मी ती मान होकाराची समजले. फळीवर मशीन आडवं सरकवलं, रेडिएटरची बाजू वर. विलास हळू आवाजात म्हणाला, "होल." स्क्रीनवर नेमक्या जागी भोक पडलं. त्याने आणखी एक पाडलं, मग आणखी एक, उगाचच. त्याच्या चेहऱ्याकडे बघत मी चहा प्यायले आणि परत आले.

सुर्वे सर येणार त्या दिवशी सकाळी विलासचा फोन आला. त्याचा फोनही आवाजावरच चालतो.

"मॅडम, आतून गुळगुळ आवाज येतोय. बाटलीतून पाणी ओतताना येतो तसा. तापमान चढतंय. काल रात्रीपासून असंच आहे. आत्ता एकदा बंद पडलं."

"सुर्वे कधी येणार?"

"दुपारनंतर."

दुकानाला कुलूप लावलं, हत्यारांची बॅग स्कूटरला अडकवली आणि निघाले. वाटेत डोक्यात एकच विचार. गुळगुळ म्हणजे पंपात हवा. सीलबंद कूलरमध्येही थोडी हवा असतेच, ती काढून टाकता येत नाही. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती उंच जागा रेडिएटरची असली तर काही बिघडत नाही, हवा तिथे पडून राहते. पण पंपच सगळ्यात उंच झाला तर हवा पंपात शिरते. पंपाला द्रव ढकलायचा असतो, हवा त्याला ढकलता येत नाही. द्रव फिरायचा थांबतो आणि प्रोसेसर भाजतो. आता मी तर रेडिएटर वर ठेवून आले होते. मग हवा पंपात गेली कशी? माल खराब निघाला असेल तर बदली कूलर यायला आठवडा. सुर्वे दुपारी दारात.

खोलीत शिरले आणि खाली वाकले.

मशीन उलटं होतं. रेडिएटरची बाजू खाली, आणि फळीवर मशीनच्या खाली एक पितळी परात.

"हे कोणी केलं?"

विलासला तिथून फळी दिसत नव्हती. "काय केलं?"

"मी केलं," मंजुळाकाकी म्हणाल्या. पदर खोचून त्या पुढे आल्या. घाबरल्या नव्हत्या, वरमल्याही नव्हत्या. "पान्याचं भांडं वर आनि करंट खाली, असं तू ठेवून गेलीस. गळलं तर सगळं करंटावर पडल. काल मी उलटं केलं. आता गळलं तर परातीत पडल."

"आई!" विलास म्हणाला. "मला विचारायचंस तरी. आज सर येणार, आणि तू..."

"तुला विचारलं असतं तर तू नाय म्हनाला असतास."

मी मशीन बंद केलं, परात काढली आणि डबा पुन्हा सरळ केला. जरा हलवला, तिरका केला, परत आडवा केला. चालू केल्यावर गुळगुळ थोडा वेळ राहिली आणि मग थांबली. तापमान खाली यायला लागलं. पंप शाबूत होता. माझा जीव भांड्यात पडला. घड्याळ पाहिलं, अजून वेळ होता. माझ्या हिशोबाने काम संपलं होतं.

"काकी, आता हे असंच राहू द्या. उलटं केलंत तर हवा पंपात जाते आणि मशीन तापतं."

"आनि गळलं तर?"

"सहसा गळत नाही."

"सहसा," त्या म्हणाल्या. "म्हंजे कदी कदी गळतं."

यावर खोटं बोलता आलं असतं. तोंडावर आलंही होतं. पण काकी माझ्याकडे अशा बघत होत्या, की मी म्हटलं, "हो. क्वचित. पण गळतं."

"बाय, तुझ्या दुकानात ठिनगी पडली तर तू पळशील. मी पन पळन. हा कुठं पळल?" त्यांनी विलासकडे हात केला. "मी नळावर असते, वाडीत असते. दुकानात जाते. ह्याच्या पायापाशी ही पेटी. ह्याला उठता येत नाय. तुमी दोगं मला सांगता काय होनार नाय. काय झालं तर कोन येनार हाय?"

  एवढे दिवस मी मिलिमीटर मोजत होते, आवाज मोजत होते, तापमान मोजत होते. या बाईंच्या करंटच्या प्रश्नाला मात्र मी 'काही होत नाही' एवढंच म्हटलं होतं.

मी जमिनीवर मांडी घालून बसले आणि मशीनकडे पाहत राहिले. रेडिएटर वर ठेवला तर पंप सुखी, पण गळलं तर सगळं मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग बसवलेल्या मुख्य पाटीवर. रेडिएटर खाली ठेवला तर मदरबोर्ड वाचेल, पण पंपात हवा. मग दोन्ही नको. रेडिएटर बाजूला हवा. म्हणजे डबा उभा, दुकानात मी ठेवला होता तसाच. उभ्या डब्यात रेडिएटर प्रोसेसरच्या शेजारी येतो. त्याचं वरचं टोक पंपाहून उंच राहिलं म्हणजे हवा तिथे बसते. आणि रेडिएटर गळलाच तर द्रव जाळीच्या कडेने ओघळून खाली जाईल, मदरबोर्डवर ओतला जाणार नाही.

"काकी, प्लास्टिकचं स्टूल आहे का?"

होतं. ते विलासच्या पलंगाशेजारी ठेवलं, त्याच्यावर डबा उभा ठेवून पाहिला. वायरी पुरत होत्या, थोड्याशा ताणून. मग झाकण उघडलं. रेडिएटर पट्टीवर एक भोक वर सरकवला, नळ्या खालच्या बाजूला येतील असा फिरवला. मंजुळाकाकी शेजारी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांना बोटाने दाखवलं.

"हे पाण्याचं. हा करंट. आता हे त्याच्या डोक्यावर नाही, शेजारी आहे. गळलं तर इकडून खाली जाईल."

"आनि ह्या नळीच्या जोडातनं?"

"तिथून गळलं तर आत पडेल. ते मी पूर्णपणे थांबवू शकत नाही. पण आतलं ते साधं पाणी नसतं, थेंबभर पडलं तर आग लागत नाही, मशीन मरतं. आणि मशीन मेलं तर दुसरं आणता येतं."

त्यांना हे पटलेलं दिसलं. "आनि ठिनगी?"

"उद्या इलेक्ट्रिशियनला पाठवते. मीटरपाशी घराच्या सगळ्या लाइनला एक बटण बसवून देईल. करंट जिथे जायला नको तिथे गेला की ते आपोआप पडतं. तोवर..." मी विलासकडे वळले. "विलास, मशीन बंद करायचा शब्द आहे ना?"

"शटडाऊन. पण मी वापरत नाही. चुकून ऐकलं तर काम जाईल म्हणून बंद करून ठेवलाय."

"चालू कर. दोनदा बोललं तरच बंद होईल असं लाव. आणि तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर मशीनने स्वतःहून बोलून सांगावं आणि बंद व्हावं, तेही मी आत्ता टाकते."

त्याने मानेने माऊस हलवत सेटिंग उघडलं. मी छोटा प्रोग्राम टाकला. काकी उभ्या राहून दोघांकडे आळीपाळीने पाहत होत्या.

"बघा हं, काकी. विलास, बोल."

"शटडाऊन. शटडाऊन."

स्क्रीन काळी झाली. पंखे थांबले. यूपीएसचा बारीक आवाज तेवढा उरला.

मंजुळाकाकींनी पदराने तोंड पुसलं. "परत लाव. परत बोलू दे त्याला."

मी मशीन चालू केलं. विलास पुन्हा बोलला, मशीन पुन्हा बंद झालं. काकी खुदकन हसल्या. पहिल्यांदाच हसताना पाहिलं त्यांना.

"ह्याचा ह्याला बंद करता येतं," त्या म्हणाल्या. "हे आदी सांगायचं नाय का? मी चार रात्री झोपले नाय."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. सुर्वे सर लवकर आले होते. उंच, टापटीप, हातात लॅपटॉपची बॅग. आत आले आणि पलंगाशेजारी स्टूल, स्टुलावर उघडा डबा, जमिनीवर स्क्रू आणि काळी स्क्रीन बघून दारातच थबकले.

"विलास, बंदच आहे की हे!"

"आत्ताच मी बंद केलं, सर. आईला दाखवायला."

सुर्वेंनी माझ्याकडे पाहिलं.

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

"मालकांना मी संध्याकाळी सांगायचंय. माझ्याकडे वेळ आहे, पण बंद पडायला नको. मागच्या वेळी फोनवर दोनदा बंद पडलेलं ऐकलंय मी."

"पडणार नाही," विलास म्हणाला. मी मनात म्हटलं, हे माझ्या भरवशावर बोलतोय.

झाकण लावलं. मशीन सुरू झालं. सुर्वेंनी पेन ड्राइव्ह दिला. त्यात चिकू भरायच्या क्रेटचा मोल्ड होता. घोलवडच्या कुठल्या व्यापाऱ्याने मागितलेला. जाळीदार क्रेट, चारी कोपऱ्यांना जाड पाय. विलासने प्लास्टिक कुठून आत सोडायचं ती जागा ठरवली, दाब ठरवला आणि म्हणाला, "रन."

मी दुसऱ्या खिडकीत तापमान उघडलं आणि त्याच्याकडेच बघत बसले. साठ. सत्तर. पंच्याहत्तर. दुपारची वेळ, पत्रे तापलेले. मी स्टुलाला कान लावला. पंखे फिरत होते, पण आवाज चढला नव्हता. गुळगुळ नव्हती. आकडा ऐंशीच्या जरा अलीकडे पोचला आणि रेंगाळला. मी वाट पाहिली. तो तिथेच राहिला.

विलास गप्प बसला नव्हता. हिशोब चालू असतानाच तो सुर्वेंशी बोलत होता आणि मध्येच मशीनशीही बोलत होता. "झूम. राइट. स्टॉप." मशीन त्याचंच ऐकत होतं, सुर्वेंचं नाही.

निकाल आला तेव्हा सुर्वे पुढे झुकले.

"हे लाल काय आहे? कोपऱ्यात?"

"हवा कोंडतेय, सर. प्लास्टिक दोन बाजूंनी येतं आणि हवेला बाहेर पडायला वाटच राहत नाही. इथे क्रेटचा पाय कच्चा राहील. पहिल्या उन्हाळ्यात मोडेल."

"आमच्या माणसाने हे बरोबर आहे म्हणून दिलं होतं."

"गेट सरकवून बघू?" गेट म्हणजे प्लास्टिक आत सोडायचं तोंड. विलासने ते सरकवलं, कोपऱ्यात हवेसाठी बारीक फट ठेवली आणि पुन्हा चालवलं. हिशोबाला वेळ लागत होता. मंजुळाकाकींनी चहा आणला.  दुसरा निकाल आला, कोपरा हिरवा.

"आज सकाळपासून हवाच नडतेय सगळ्यांना," विलास म्हणाला आणि माझ्याकडे पाहून हसला. सुर्वेंना त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. मी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

सुर्वे उठले. कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "मालकांना मी ही स्क्रीनच दाखवतो. दोन्ही निकाल मेल कर. सोमवारी तुला पुढच्या फाइल येतील." मग जरा थांबून म्हणाले, "आणि विलास, हा क्रेट तुझ्या नावाने जाईल. डिझाइनखाली तुझं नाव."

विलासने मान हलवली. सुर्वेंची गाडी गेल्यावरही तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. काकींनी त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज यायला लागला.

पुढच्या आठवड्यात त्याच वेल्डरकडून टेबलाच्या पायाला एक उभी चौकट जोडून घेतली. डबा तिच्यात वरून सरकतो आणि उचलला की निघतो. उंबऱ्यापाशी काकी तो काढतात, पलीकडे नेऊन पुन्हा बसवतात. इलेक्ट्रिशियनने ते आपोआप पडणारं बटणही बसवलं. ते एकदा पडलंसुद्धा, पण विलासच्या मशीनमुळे नाही, जुन्या गिझरमुळे. काकींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "बाय, तुझं बटन चांगलं हाय."

विलासला काम मिळालं आणि टिकलं. मध्ये एकदा जाऊन जाळीवरची धूळ काढून आले. बोईसरकडची हवा धातूला फार चांगली नाही, तेव्हा रेडिएटरकडे अधूनमधून बघावं लागतं. पंप अजून गुपचूप चालतो आहे.

आता दुकानात कोणी पाण्याचा कूलर मागितला, की मी किंमत सांगायच्या आधी विचारते, डबा उभा राहणार की आडवा, आणि घरात तो उचलणार कोण. कॉलेजची मुलं चक्रावतात. म्हणतात, "मॅडम, मीच उचलणार ना." मी म्हणते, "आणि झाडताना?" मग ती विचार करून सांगतात, "आई."

त्या आईला दुकानात घेऊन यायला सांगते. निम्मी मुलं आणत नाहीत, दुसरीकडून घेतात. धंद्याचं थोडं नुकसान होतं, पण परत येणाऱ्या मशीनची संख्या कमी झाली आहे.